आजीच्या डब्यातली मॉरिशसची नाणी: संग्रह पुढे वाढवावा का?

राजापूरची_लेक

नमस्कार मंडळी. या विभागात वर्षभर वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

गेल्या महिन्यात आजीचं घर आवरताना भातकोठाराच्या फळीवर एक पितळी डबा सापडला. राजापूर तालुक्यातलं घर, कौलं काढायची होती म्हणून सगळं खाली आणलं होतं. डब्यात सुपाऱ्या, एक मोडका अडकित्ता आणि फडक्यात बांधलेली सात नाणी. घरात पहिल्यापासून सांगतात की आजीचे आजोबा 'मिरच' बेटावर ऊस तोडायला गेले होते आणि परत आले. आम्हाला ती नुसती गोष्ट वाटायची. नाणी हातात घेतली तेव्हा अंगावर काटा आला, कारण पाच नाण्यांवर स्वच्छ अक्षरांत 'मॉरिशस' लिहिलंय.

डब्यात आहे ते असं:
५ सेंट, तांब्याचं, १८७८
५ सेंट, तांब्याचं, १८९७
२ सेंट, १८८३
२० सेंट, चांदीचं, १८८६
१० सेंट, चांदीचं, १८७७, वर कडी डाखलेली
आपल्याकडचा राणीछाप रुपया, १८६२
सातवं तांब्याचं, खूप झिजलेलं. मुकुट घातलेलं डोकं दिसतं, वर्ष वाचता येत नाही. तेही राणीचंच असावं.

प्रश्न दोन. आई म्हणते चिंचेने घासून देवघरात ठेवू. घासावीत का? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: आता मला मॉरिशसच्या ब्रिटिश काळातल्या नाण्यांचा संग्रह करावासा वाटतोय. उरलेली नाणी विकत घेऊन हा संच पुरा करावा, की डबा आहे तसाच ठेवावा?

---

टांकसाळ

चिंच नको! आधी हे वाचा, मग आईंना वाचून दाखवा.

तांब्याच्या नाण्यावर जो चॉकलेटी थर येतो तो मळ नसतो, धातूचाच वरचा थर असतो. आम्ही त्याला पटिना म्हणतो. चिंच, लिंबू, कोकम, राख, भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही लावलंत तर तो थर जातो आणि नाणं गुलाबी पडतं. पुन्हा कधीच पहिल्यासारखं होत नाही. माणसाचा रंग उन्हाने बदलतो तो परत येतो, नाण्याचा येत नाही. तेल किंवा सुपारीचा चिकटपणा असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

आणि मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातलं रसायन सुटून तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते घ्या.

---

सोमवारपेठी

टांकसाळ यांना +१. मी पंधरा वर्षांपूर्वी वडिलांचा ढब्बू पैशांचा डबा चिंचेने लख्ख केला होता. आजही तो उघडला की वाईट वाटतं.

---

अकरा_नाणी

ताई, अभिनंदन. मी मॉरिशसच जमवतो, म्हणून सदस्यनावही तसंच घेतलंय. कारण सांगतो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले मॉरिशसचे प्रकार पाच: १, २, ५ सेंट ब्राँझ आणि १०, २० सेंट चांदी. तुमच्या डब्यात पाचपैकी चार आहेत, फक्त १ सेंट नाही. पंचम जॉर्जच्या काळातले प्रकार सहा: १, २, ५ सेंट आणि १९३४ साली आलेले पाव, अर्धा व एक रुपया. पाच आणि सहा, अकरा. मधल्या सातव्या एडवर्डचं एकही नाणं नाही. १९०१ ते १९१० तो राजा होता, भारतात त्याचे रुपये ढिगाने आहेत, पण मॉरिशसच्या नाण्यांवर तो नाहीच. व्हिक्टोरियाची नाणी संपतात आणि थेट १९११ ला जॉर्ज येतो. नवीन माणूस 'एडवर्डचं मॉरिशस' शोधत वर्षं घालवतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

हा संच कुणाच्याही आवाक्यातला आहे. व्हिक्टोरियाचं ब्राँझ अजून परवडतं. महाग पडतात ते १९३४ चा अर्धा रुपया आणि एक रुपया, कारण जॉर्जच्या छापाचे ते तेवढ्या एकाच वर्षाचे आहेत. तेव्हा माझं उत्तर सरळ आहे: संच पुरा करा.

---

जुनेपान

मला वेगळं वाटतं. अकरा नाणी पैसे टाकून कुणीही जमवेल. राजापुरातल्या कोठारात सापडलेली सात नाणी एकाच माणसाकडे आहेत. त्यात बाजारातलं आठवं टाकलंत की डब्याचा अल्बम झाला.

---

अकरा_नाणी

जुनेपान, भावना पोचल्या. पण ती नाणी खरंच त्या आजोबांनी आणली याचा पुरावा काय? घरातली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. मुंबईत गोदीजवळच्या सराफाकडे परदेशी चिल्लर नेहमी पडलेली असे. कुणीही आणलेली असू शकते.

---

नीलमणी

मला एक मूळ प्रश्न आहे, राग मानू नका. ज्या लोकांनी आपल्या माणसांना उसाच्या मळ्यात राबवलं त्यांच्या राणीचं डोकं आपण का जपायचं? माझ्या घरी आले तर मी वितळवून टाकीन.

---

टांकसाळ

नीलमणी, प्रश्न बरोबर आहे. मी याचं उत्तर हिशेबाने देतो.

मॉरिशसला जाणाऱ्या मजुराच्या करारात सुरुवातीची मजुरी महिना ५ रुपये आणि शिधा अशी असे. कामाचे दिवस २६ धरा. ५ भागिले २६ म्हणजे दिवसाचे सुमारे १९ सेंट. ताईंच्या डब्यातलं चांदीचं २० सेंटचं नाणं घ्या हातात. जेमतेम सव्वादोन ग्रॅमचं आहे, तळहातावर ठेवलं तर वजन जाणवतही नाही. ते एका माणसाच्या एका दिवसाच्या ऊसतोडीचं मोल आहे. शिवाय तिथे 'डबल कट' नावाची पद्धत होती: एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे ताप आला की अशी दोन नाणी गेली.

वितळवलंत तर राणी जाईल हे खरं. पण हा हिशेबही जाईल.

---

नीलमणी

हा हिशेब मला माहीत नव्हता. वितळवणार नाही. धन्यवाद.

---

खारा_वारा

वाचनखूण साठवली. १९ सेंटचा हिशेब आज दोन जणांना सांगितला.

---

सोमवारपेठी

ब्रिटिश वसाहतीत पौंड-शिलिंग सोडून रुपया कसा काय, हे कुणी सांगेल का? जमैकाला नाही, सायप्रसला नाही. मॉरिशसलाच का?

---

अकरा_नाणी

कारण भारतच तिथे चालून गेला होता, सोमवारपेठी. १८३४ पासून माणसं इथून गेली, तांदूळ इथून गेला, साखर इकडे येऊ लागली. कलकत्ता, मद्रास, मुंबई या तिन्ही बंदरांतून जहाजं सुटायची आणि त्यांच्याबरोबर चांदीचा रुपया जायचा. सरकारी हिशेब पौंडात आणि बाजार रुपयात, अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालली. शेवटी १८७६ मध्ये रुपया हेच बेटाचं चलन ठरलं आणि १८७७ ची तारीख असलेली सेंटची नाणी आली. यातली गंमत बघा, रुपया भारताचाच वापरायचा आणि त्याचे शंभर भाग मात्र मॉरिशसचे. आपल्याकडे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. तोच रुपया समुद्र ओलांडला की १०० सेंटचा!

म्हणून डब्यातला १८६२ चा रुपया परका समजू नका. १९३४ पर्यंत मॉरिशसने स्वतःचा रुपया पाडलाच नाही, तिथेही हाच चालत होता. मात्र त्या १८६२ वरून काही निष्कर्ष काढू नका. आपल्या टांकसाळींनी ती तारीख न बदलता पुढे कित्येक वर्षं रुपये पाडले.

---

टांकसाळ

वजनं पाहिलीत की हे नातं जास्त कळतं. आपला रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळा. मॉरिशसचं १० सेंट १.१७ ग्रॅमच्या आसपास, २० सेंट २.३३. बरोबर दहावा आणि पाचवा भाग. चांदी मात्र रुपयापेक्षा हलकी, हजारात ८००. ब्राँझचंही तसंच: १ सेंटच्या दुप्पट २ सेंट, पाचपट ५ सेंट. ताई, घरात दागिन्यांचा डिजिटल काटा असेल तर वजनं टाका. नकली ओळखायला पहिली पायरी हीच. दुसरी पायरी लोहचुंबक: यांतलं एकही नाणं चिकटता कामा नये.

१८७७ च्या १० सेंटवर बारीक एच अक्षर आहे का तेही बघा. असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. लंडनच्या सरकारी टांकसाळीला काम जास्त झालं की वसाहतींची नाणी तिकडे पाडून घेत.

---

राजापूरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने चिंच परत बरणीत टाकली.

शेजारच्या सोनारकाकांकडे वजनं केली. २० सेंट २.२ ग्रॅम भरलं. ५ सेंट दोन्ही साडेनऊच्या आसपास. १० सेंट कडीमुळे जड येतंय. त्यावर एच आहे! चुंबकाला काहीच चिकटलं नाही.

कडी असल्याने त्या नाण्याची किंमत गेली का?

---

सोमवारपेठी

बाजारात गेली. 'डाखलेलं' म्हटलं की बोली निम्म्याहून खाली येते. काही विक्रेते कडी तोडून, जागा घासून, चांगलं म्हणून विकतात. मला एकाने असंच एक दिलं होतं, वरच्या कडेला भिंगाखाली घासल्याच्या रेघा दिसल्या तेव्हा समजलं.

---

माहेरवाशीण

मी नाणी जमवत नाही, पण कडीबद्दल बोलते. आमच्याकडे पणजीची रुपयांची माळ होती, राणीछाप रुपयांना कड्या डाखून रेशमात ओवलेली. कडी डाखलेलं नाणं म्हणजे मोडायचं नाही असं ठरवलेलं नाणं. अडचण आली की चिल्लर जाते, रुपये जातात, गळ्यातलं शेवटी जातं. दहा सेंट म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, असं वर टांकसाळ यांच्या हिशेबाने निघतं. अर्धा दिवस कुणाच्या तरी गळ्यात घातलाय. बहुतेक लहान मुलीच्या, कारण नाणं बारीक आहे. ताई, ती कडी कुणालाही काढू देऊ नका.

---

जुनेपान

माहेरवाशीण, या धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद.

---

तिकीटवाला

थोडं विषयांतर. मॉरिशस म्हटलं की आम्हा तिकीटवाल्यांना १८४७ ची 'पोस्ट ऑफिस' तिकिटं आठवतात, एक पेनी आणि दोन पेनी. जोसेफ बर्नार्डने कोरलेली, प्रत्येकी ५००. त्यांतली दोन एक पेनीची तिकिटं एकाच पाकिटावर शिल्लक आहेत, आणि ते पाकीट पोर्ट लुईहून आपल्या मुंबईला आलेलं! जगात त्याला 'बॉम्बे कव्हर' म्हणूनच ओळखतात. मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या चिटणिसाच्या नावे होतं आणि नंतर भारतातल्याच एका बाजारात सापडलं.

म्हणजे जगातल्या अत्यंत मौल्यवान टपालपाकिटांपैकी एक इथल्या रद्दीत पडलं होतं. कोठारं नीट झाडा मंडळी.

---

खारा_वारा

तिकीटवाले, तुमचा प्रतिसाद वाचून वडील आत्ता माळ्यावर चढलेत. आई शिडी धरून उभी आहे आणि मला बोलणी बसताहेत.

---

वाक्वाकर

नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी, वाक्वाजवळ राहतो. मराठी शाळेत शिकलो आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तुमचा धागा मला चुलतभावाने पाठवला. 'मिरच' शब्द वाचून फार बरं वाटलं. आमची आजीही मिरचच म्हणायची. आमच्याकडे क्रेओलमध्ये पैशाला 'लारझां' म्हणतात, म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये चांदी. चांदी गेली, शब्द राहिला.

नाण्यांबद्दल थोडं सांगतो. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं तेव्हा इथल्या लोकांची भाषा, कायदे, धर्म तसेच ठेवायचं कबूल केलं. म्हणून इंग्रजांची इथली सुरुवातीची काही नाणी फ्रेंच बोलतात. १८२२ मधली २५ सू आणि ५० सू (सू म्हणजे जुना फ्रेंच पैसा) ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली, पण त्यांवर मजकूर फ्रेंच: खजिन्यात इतके सू मिळाल्याची पावती. भारतात पाडलेलं, इंग्रजांचं, फ्रेंच बोलणारं नाणं. मी ते फक्त काचेआड पाहिलं आहे.

त्याच सुमाराला जहाजाच्या नांगराची चांदीची नाणी आली, १८२० ची. एका बाजूला नांगर, त्यावर मुकुट, नांगराच्या दोन्ही बाजूंना रोमन आकडे: चार, आठ, सोळा. डॉलरचा चौथा, आठवा, सोळावा भाग. तेव्हा हिशेब स्पॅनिश डॉलरमध्ये होता. १८२२ मध्ये अर्धा डॉलरही आला. अशीच नाणी वेस्ट इंडीजलाही गेली.

आणि १९३४ चा अर्धा रुपया माझा सर्वांत आवडता, कारण त्यावर हरिण आहे. हे हरिण डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणलं. म्हणजे तेही बाहेरून आलेलं, आमच्यासारखंच, आणि इथलंच झालं. आजच्या अर्ध्या रुपयावरही ते आहे. राजा गेला, राणी गेली, आता आमचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं चित्र असतं, पण मागे हरिण तेच.

---

अकरा_नाणी

वाक्वाकर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा नीट आहे.

नांगराच्या नाण्यांबद्दल एक सूचना: १८२२ ची तारीख असेल तर विक्रेता 'मॉरिशसचं' म्हणून विकतो, पण ते वेस्ट इंडीजचंही असू शकतं. मॉरिशसचा संग्रह करणाऱ्याने १८२० ची तारीख धरावी.

त्याआधीची फ्रेंच नाणी ब्रिटिश काळात येत नाहीत, तरी एकाचा उल्लेख करायलाच हवा. १८१० मध्ये बेट हातचं जायच्या बेतात असताना गव्हर्नर देकां याने दहा लिव्रचं चांदीचं नाणं पाडून घेतलं, 'देकां पियास्त्र'. त्याची चांदी पकडलेल्या पोर्तुगीज जहाजावरची होती. कोरणारा आव्लिन, त्याचं नाव नाण्यावर आहे. वर्ष संपायच्या आत बेट इंग्रजांचं झालं. हे नाणं कुणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका, मान्यताप्राप्त प्रमाणपत्राशिवाय त्याला हात लावायचा नाही.

---

लंकेची_पार्वती

मी सिलोनची नाणी जमवते. तिकडेही १८७२ मध्ये रुपया आणि १०० सेंट आले. १९१९ पासूनच्या चांदीच्या १०, २५, ५० सेंटवर बारीक बी असतो, म्हणजे आपली मुंबई टांकसाळ. मॉरिशसचं असं काही मुंबईत पाडलं होतं का?

---

अकरा_नाणी

माझ्या संग्रहातल्या अकरांपैकी एकही मुंबईचं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून नाणी येणं अवघड झालं तेव्हा मॉरिशसची दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात पाडली. १९४२ ते १९४५ च्या ब्राँझवर तारखेला लागून एसए असतं. सेशल्स बेटं जमवणाऱ्यांसाठीही सांगतो: १९३९ पर्यंत सेशल्सची स्वतःची नाणी नव्हती, तिथे मॉरिशसचीच चालत. म्हणजे व्हिक्टोरियाचा ५ सेंट कुठे झिजला हे नाण्यावरून कळत नाही.

ताई, ते सातवं नाणं अजून अडलंय. फोटो टाका ना. उन्हात तिरपं धरून.

---

राजापूरची_लेक

टाकलाय. सकाळी सातच्या उन्हात, खिडकीत. कडेला काही अक्षरं दिसली: 'ऑर ऑफ इंडिया' असं काहीतरी. यात इंडिया कसं आलं? मग हे आपल्याकडचं नाणं आहे का?

---

टांकसाळ

ताई, ही राणी नाही. दाढी बघा! हा पंचम जॉर्ज. मजकूर पूर्ण असा: जॉर्ज पाचवा, राजा आणि भारताचा सम्राट. 'एम्परर ऑफ इंडिया'मधलं शेवटचं तेवढं वाचलं गेलंय. मॉरिशसच्या नाण्यावरही तो भारताचा सम्राट म्हणूनच मिरवत होता. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर नुसतं 'व्हिक्टोरिया राणी' आहे.

मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला. ५ सेंट. शेवटचा आकडा ७ आहे असं मला वाटतं. जॉर्जचं, ७ ने संपणारं: १९१७.

---

अकरा_नाणी

१९१७ च. मलाही तेच दिसतंय.

आता थांबा जरा. ताई, आजीचे आजोबा परत कधी आले, असं घरात सांगतात?

---

राजापूरची_लेक

आजी म्हणायची, मोठ्या प्लेगच्या साली ते गावातच होते. म्हणजे १८९७-९८ च्या सुमाराला. परत गेले नाहीत. मग १९१७ चं नाणं डब्यात कसं?

---

अकरा_नाणी

म्हणूनच मी पुरावा मागत होतो. हे दुखावण्यासाठी लिहिलेलं नाही. पण एक नाणं गोष्टीत बसत नसेल तर बाकीच्या सहांनाही तोच प्रश्न विचारावा लागतो.

---

माहेरवाशीण

गोष्ट खोटी असेलच असं नाही. डबा एकाच माणसाचा असतो हे आपण धरून चाललोय. डबे बायकांचे असतात. वापरणारी बदलते, तशी आत भर पडते. ताई, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला फोन करा. पुरुषांना विचारू नका, त्यांना लढाया आठवतात.

---

जुनेपान

माहेरवाशीण यांच्याशी सहमत. आणि झीज पाहा. १८९७ च्या नाण्याला चांगल्यापैकी उठाव शिल्लक आहे, १९१७ चं गुळगुळीत झालंय. नवं नाणं जुन्यापेक्षा जास्त झिजलेलं, म्हणजे दोन्ही एकाच खिशातून आलेली नाहीत. एक लवकर बाजूला ठेवलं गेलं, दुसरं खूप फिरलं.

---

अकरा_नाणी

झिजेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पटला.

---

खारा_वारा

कालचं अपूर्ण राहिलं होतं: वडिलांना माळ्यावर तिकिटं मिळाली नाहीत, १९६२ ची वाळवी लागलेली पंचांगं मिळाली. तेही खूश आहेत.

---

राजापूरची_लेक

चार दिवस लागले, माफ करा. माझी आत्तेआजी मालवणला असते, नव्वदीच्या पुढची. ऐकू कमी येतं म्हणून रविवारी स्वतःच जाऊन आले. नाणी बरोबर नेली होती.

तिने कडीवालं नाणं लगेच ओळखलं. म्हणाली, "हां माज्या आयशीच्या गळ्यात व्हतां." काळ्या पोतीत ओवलेलं असायचं. तिची आई म्हणजे त्या ऊसतोडीला गेलेल्या आजोबांची धाकटी मुलगी.

मग तिला ते जॉर्जचं झिजलेलं दाखवलं. ते ओळखता आलं नाही, पण 'मिरच' म्हटल्यावर तिने विचारलं, कुठला मिरचवाला? उसाचा की बोटीचा? मी बघतच राहिले. त्या आजोबांच्या मुलीचं लग्न झालं ते एका खलाशाशी. तो मुंबईहून बोटीवर जायचा, एडन, मोंबासा, मिरच, दरवेळी काहीबाही आणायचा. त्याच्या खिशातली चिल्लर मुलं खेळायला घ्यायची. ती स्वतः त्या नाण्यांनी सारीपाटाच्या सोंगट्या करून खेळलीय.

म्हणजे गुळगुळीत झालं ते बाजारात फिरून नाही, पोरांच्या हातात.

---

माहेरवाशीण

डोळ्यांत पाणी आलं.

---

अकरा_नाणी

ताई, मी माझं पहिलं मत बदलतो. संच पुरा करा असं म्हणालो होतो. आता म्हणेन, डब्याला हात लावू नका. सात नाणी, दोन माणसं आणि मधली एक मुलगी. आत्तेआजींनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, आजची तारीख घालून कागदावर लिहा आणि डब्यात ठेवा. जमलं तर त्यांचा आवाजही टिपून घ्या. अजून चाळीस वर्षांनी कुणी माझ्यासारखा पुरावा मागेल तेव्हा तो कागद असेल.

संग्रह हवा असेल तर वेगळा करा, वेगळ्या अल्बममध्ये, १ सेंटपासून.

---

टांकसाळ

सहमत. प्रत्येक होल्डरवर वजन आणि सापडल्याची जागा लिहा. शाई नाण्याला लागू देऊ नका. आणि सातही शंभर वर्षांवरची आहेत, कायद्याने ती पुरावस्तू ठरतात, देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातून कुणी विकत मागितली तर भुलू नका.

---

नीलमणी

२० सेंटच्या होल्डरवर 'एक दिवस' असं लिहाल का?

---

राजापूरची_लेक

लिहीन, नीलमणी. आणि कडीवाल्यावर आत्तेआजीच्या आईचं नाव.

वाक्वाकर, तुम्हाला एक विचारायचं होतं. आजोबा तिकडे कुठल्या मळ्यावर होते ते कळायला काही मार्ग आहे का? आमच्याकडे कागद एकही नाही.

---

वाक्वाकर

आहे. मोका गावात महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असे. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं, हे लिहिलेलं असतं. काहींचे फोटोही आहेत. अडचण एवढीच की कारकुनाने जसं ऐकलं तसं रोमन अक्षरांत लिहिलंय. राजापूर कसं लिहिलं असेल सांगता येत नाही. नावही तीन-चार प्रकारे शोधावं लागतं. मुंबईहून सुटलेली जहाजं वेगळी काढली की काम कमी होतं.

तुम्ही मला आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि वाडी पाठवा. कडीवालं नाणं १८७७ चं आणि राणीचं शेवटचं १८९७ चं आहे, त्यामुळे ते साधारण कोणत्या वर्षांत इथे असतील याचा अंदाज तरी बांधता येतो. गुरुवारी मला मोक्याला जायचंच आहे.

---

राजापूरची_लेक

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. वाडीचं नाव दोन प्रकारे लिहिलंय, आत्तेआजी एक म्हणते आणि सातबारावर दुसरं आहे. दोन्ही शोधाल ना?